फोनमधलं लोकेशन बंद केल्यावर नेमकं काय बंद होतं?

उंबरठा

"लोकेशन बंद ठेवलंय, आता कोणाला काही कळत नाही." हे वाक्य जवळच्या माणसांकडून इतक्यांदा ऐकलं की शेवटी धागा काढायचं ठरवलं. हा समज मला घातक वाटतो, कारण तो धरून बसलेला माणूस पुढची काळजीच घेत नाही.

आधी जीपीएसबद्दल. उपग्रह आपल्याकडे बघत नसतात. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून ते फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगणारे संदेश सोडत राहतात. फोन किमान चार उपग्रहांचे संदेश पकडतो आणि ते पोचायला किती वेळ लागला यावरून स्वतःची जागा मोजतो. तुमचा फोन अस्तित्वात आहे हेही उपग्रहाला ठाऊक नसतं. म्हणजे गळती तिथे नाहीच. फोनने काढलेली जागा तो पुढे कोणाच्या हाती देतो, तिथून गळती सुरू होते.

शिवाय जागा काढायला जीपीएसच लागतं असं नाही. सिम घातलेला फोन चालू आहे म्हणजे तो कुठल्या ना कुठल्या टॉवरच्या संपर्कात आहे. नसता तर कॉल आलाच नसता. त्यामुळे तुम्ही कोणत्या टॉवरच्या कोणत्या बाजूला आहात हे मोबाइल कंपनीला कायम कळत असतं. दाट वस्तीत हा अंदाज काहीशे मीटरवर येतो, विरळ वस्तीत काही किलोमीटरवर जातो. सेटिंग्जमधला लोकेशनचा खटका याला लागूच होत नाही.

मग वाय-फाय. प्रत्येक राउटर आपला ओळख क्रमांक सतत प्रसारित करतो. जगभरातल्या राउटरांचे क्रमांक आणि त्यांच्या जागा यांची प्रचंड यादी गुगलकडे आहे, ॲपलकडेही आहे. आजूबाजूला कोणते राउटर आहेत हे फोन नुसतं ऐकतो आणि त्या यादीशी ताडून पाहतो. त्यासाठी एकाही राउटरला जोडलं जावं लागत नाही. इमारतीच्या आत, जिथे उपग्रहाचा संदेश नीट पोचत नाही, तिथेही फोनला जागा सापडते ती अशी. अँड्रॉइडवाल्यांनी लोकेशनच्या सेटिंग्जमध्ये 'वाय-फाय स्कॅनिंग' आणि 'ब्लूटूथ स्कॅनिंग' हे दोन पर्याय जरूर बघावेत. ते चालू असतील तर वर वाय-फाय बंद दिसत असतानाही फोन हे ऐकण्याचं काम करत राहतो.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढेच आहे. आपण लोकेशन म्हणजे नकाशावरचा एक ठिपका समजतो. एका ठिपक्यातून फारसं काही कळत नाही. ठिपके साठत गेले की त्यातून माणसाचा दिनक्रम उभा राहतो, आणि दिनक्रमाला नाव चिकटवावं लागत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या होत्या. नावं काढून टाकलेली, जागा टॉवरइतकीच ढोबळ, वेळ तासाच्या हिशेबात. तरी जागा आणि वेळ यांच्या फक्त चार नोंदी हाती असल्या की ९५ टक्के माणसं गर्दीतून वेगळी ओळखू येत होती. विचार केला तर पटतं. रात्री फोन जिथे असतो ते घर, दिवसा जिथे असतो ते कामाचं ठिकाण. या दोन जागांची हीच जोडी आणखी किती जणांची असेल?

आणि एकदा माणूस ओळखला की बाकीचे ठिपके बोलायला लागतात. कोणता दवाखाना, कोणत्या वकिलाचं कार्यालय, कोणती सभा, कोणाच्या घरी किती वाजेपर्यंत. म्हणून विचारते आहे: तुम्ही काय काळजी घेता, आणि घरात याबद्दल काही बोलणं होतं का?

तळटीप

चांगला विषय. मी ॲप बनवण्याच्या कामात आहे, थोडी भर घालतो.

एरोप्लेन मोडबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. त्या मोडमध्ये मोबाइलचं नेटवर्क तुटतं, पण जीपीएस हे नुसतं ऐकणारं यंत्र असल्यामुळे ते चालू राहू शकतं. परवानगी असलेलं ॲप नोंदी फोनमध्येच साठवून ठेवू शकतं आणि नेट आलं की एकदम पाठवू शकतं. शिवाय हल्लीच्या फोनमध्ये एरोप्लेन मोड लावल्यावरही वाय-फाय, ब्लूटूथ चालू ठेवता येतात, ते वेगळे बघावे लागतात.

फोन बंद केला म्हणजे सुटलो, हेही दरवेळी खरं नाही. २०२१ मधल्या आयओएस १५ पासून (आयओएस म्हणजे आयफोनची प्रणाली) बरेच आयफोन बंद केल्यानंतरही 'फाइंड माय' या फोन शोधण्याच्या सोयीत सापडू शकतात. चोरीला गेलेला फोन शोधायला ही सोय उत्तम आहे. बंद करतानाच्या पडद्यावर तशी सूचना येते आणि तिथूनच ती नाकारताही येते, फक्त ती ओळ वाचायला हवी.

सहजच

धागा आवडला, पण एक प्रश्न मनापासून विचारतो. मी काही लपवण्यासारखं करत नाही. माझ्यासारख्या साध्या माणसाच्या येण्याजाण्यात कोणाला रस असणार? फार तर जाहिराती दाखवतील. त्या तशाही दिसतातच.

तळटीप

सहजच, तुमच्यात कोणाला रस नाही हे मान्य. पण ही व्यवस्था माणसामाणसात रस घेऊन चालतच नाही. ती सगळ्यांचं गोळा करते आणि मग ज्याला ज्याचं हवं त्याने ते शोधायचं.

हे आतून कसं चालतं ते सांगतो. एखादं हवामानाचं किंवा खेळाचं ॲप फुकट असतं. त्यात दुसऱ्या कंपनीचा तयार कोड बसवलेला असतो, आमच्या भाषेत एसडीके. तुम्ही परवानगी देता हवामानाच्या ॲपला, पण त्याच परवानगीवर तो पाहुणा कोडही जागा वाचू शकतो. त्या नोंदीवर तुमचं नाव नसतं, असतो तुमच्या फोनचा जाहिरात क्रमांक, म्हणजे ॲडव्हर्टायझिंग आयडी. दहा ॲपांनी दहा ठिकाणी पाठवलेल्या नोंदी या एका क्रमांकावर एकत्र होतात. दुसरा रस्ता जाहिरातीच्या लिलावाचा. पडद्यावर जाहिरातीची जागा रिकामी झाली की क्षणार्धात लिलाव होतो, आणि बोली लावणाऱ्या अनेक कंपन्यांना फोनबद्दलची माहिती जाते, त्यात कित्येकदा ठिकाणही असतं. बोली एकच जिंकतो, माहिती मात्र सगळ्यांनी पाहिलेली असते.

या नोंदींचे घाऊक व्यापारी असतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२४ मध्ये एक्स-मोड या अशाच कंपनीला संवेदनशील ठिकाणांच्या नोंदी विकायला मनाई केली. तशी ती पहिलीच कारवाई. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ग्रेव्ही ॲनालिटिक्सवर कारवाई झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये याच ग्रेव्ही ॲनालिटिक्सकडचा साठा चोरीला गेल्याचं उघड झालं. ज्यांच्या नोंदी त्यात होत्या, त्यांतल्या बहुतेकांनी या कंपनीचं नाव कधी ऐकलंही नसणार. तिच्याशी त्यांनी कसलाच व्यवहार केला नव्हता, तरी त्यांचा दिनक्रम तिच्याकडे होता.

"लपवण्यासारखं काही नाही" याबद्दल माझं मत वेगळं आहे. आज लपवावंसं वाटत नाही ते उद्या वाटू शकतं. नोकरी बदलायची असते, आजार घरी सांगायचा नसतो, नातं तुटतं. नोंद आजची असते, तिचा वापर करणारा उद्याचा.

उंबरठा

तळटीप, एकेक शब्दाशी सहमत. आणि मोठ्या कंपन्या याला अपवाद आहेत असंही नाही. 'लोकेशन हिस्टरी' बंद केली तरी गुगल 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' या दुसऱ्या सेटिंगखाली ठिकाणं साठवत राहतं, हे २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने उघड केलं. २०२२ मध्ये गुगलने अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९.१५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. माणसाने एक दार लावलं आणि दुसरं उघडं आहे हे त्याला सांगितलंच नाही, याची मला चीड येते. डिसेंबर २०२३ मध्ये गुगलने टाइमलाइनच्या, म्हणजे त्याच 'लोकेशन हिस्टरी'च्या, नोंदी फोनमध्येच ठेवण्याचा आणि त्या तीन महिन्यांनी आपोआप पुसण्याचा बदल जाहीर केला. बदल चांगला आहे, पण ती दुसरी सेटिंग आपली आपण तपासावीच.

खटका

व्हीपीएन घेतलं तर हे सगळं थांबेल ना? जाहिरातीत तर तसंच म्हणतात.

तळटीप

नाही. व्हीपीएनमुळे वेबसाइटला तुमचा खरा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा क्रमांक, दिसत नाही, एवढंच. आयपीवरून फार तर शहर कळतं. जीपीएसची परवानगी असलेल्या ॲपला व्हीपीएनने काही फरक पडत नाही, आणि टॉवरच्या नोंदींना तर अजिबातच नाही.

त्यापेक्षा अर्धा तास काढून परवानग्या तपासा, खर्च शून्य. ॲपांची यादी उघडायची आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: याला माझी जागा कशासाठी हवी? नकाशा आणि टॅक्सीच्या ॲपला हवी, ती 'वापरात असतानाच' द्या. विजेरी, फोटो सजवणारं ॲप, कोडी यांना कशाला? नकार द्या, ती चालतातच. 'नेहमी' ही परवानगी असलेली ॲपं एका हाताच्या बोटांवर मोजता आली पाहिजेत. हवामानाला नेमकी जागा लागत नाही, परिसर पुरतो. अँड्रॉइड १२ आणि आयओएस १४ पासून 'प्रिसाइज लोकेशन' बंद करता येतं, मग ॲपला अंदाजे परिसरच मिळतो. अँड्रॉइडच्या 'प्रायव्हसी डॅशबोर्ड' मध्ये कोणत्या ॲपने कधी जागा वाचली हे वेळेसकट दिसतं. ते एकदा बघाच.

दुसरं म्हणजे तो जाहिरात क्रमांक. अँड्रॉइडच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये 'ॲड्स' खाली तो कायमचा डिलीट करता येतो. आयफोनवर 'ट्रॅकिंग' मध्ये जाऊन ॲपांना विचारूच न देण्याचा पर्याय आहे. मला विचाराल तर एका हालचालीत सगळ्यात जास्त फायदा याने होतो, कारण वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी ज्या दोऱ्यात ओवल्या जातात तो दोराच तुटतो.

आडवाट

रोज पळणाऱ्यांसाठी एक. स्ट्राव्हा या व्यायामाचे मार्ग नोंदवणाऱ्या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरातल्या सदस्यांच्या मार्गांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. नावं कुठेच नव्हती. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की निर्जन वाळवंटात उजळलेल्या रेषा दिसताहेत, आणि त्या लष्करी तळांवर व्यायाम करणाऱ्या सैनिकांच्या आहेत. आपण सैनिक नसू, पण रोज एकाच दारातून निघून त्याच दारात परतणारी रेषा घराचा पत्ता सांगतेच. अशा ॲपांत मार्गाची सुरुवात आणि शेवट लपवायची सोय असते. ती सुरू करा आणि मार्ग सगळ्यांना दिसेल असा ठेवू नका.

फोटोंचंही तसंच. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी असेल तर फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश लिहिले जातात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती निघून जाते, पण तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तशीच जाते. घरातून वस्तू विकायला फोटो टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पाणकणीस

सगळं वाचतेय. थोडं वेगळं मांडते, कारण माझ्यासारखं घर असणारे इथे आणखीही असतील.

आमच्या घरात सगळ्यांचं लोकेशन सगळ्यांना दिसतं. मुलगी आता मोठी आहे, कमावती आहे. ती उशिरा परतते तेव्हा नकाशावर ती घराकडे सरकताना दिसली की माझा जीव भांड्यात पडतो. अलीकडे ती म्हणाली, "आई, मी कुठे आहे हे तुला माहीत असतं, म्हणून मी कशी आहे हे तू विचारतच नाहीस." मला वाईट वाटलं. कंपन्यांनी बघू नये हे पटतं. पण आईने बघणं हेही त्यातच मोडतं का?

उंबरठा

पाणकणीसताई, तुमची काळजी खोटी नाही आणि मुलीचं म्हणणंही खोटं नाही. माझ्या मते फरक दोन गोष्टींनी पडतो: बघणाऱ्याचं बघणं समोरच्याला माहीत आहे का, आणि ते तिला भांडणाशिवाय बंद करता येतं का. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर त्याला संमती म्हणता येणार नाही, मग नातं कितीही प्रेमाचं असो.

मधला मार्ग आहे. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास देता येतं आणि मुदत संपली की आपोआप थांबतं. उशिरा निघाल्यावर तिने स्वतः तासाभरासाठी पाठवायचं. तेव्हा ती तुम्हाला सोबत घेते आहे, तुम्ही तिच्यावर नजर ठेवत नाही आहात. चोवीस तासांचा नकाशा आणि मागितलेली तासाभराची सोबत या दोन गोष्टी मुलीच्या बाजूने फार वेगळ्या लागतात.

सहजच

इथे मात्र थोडी दुसरी बाजू. आमच्या घरातल्या एका ज्येष्ठांना विस्मरणाचा आजार आहे. ते बाहेर पडले आणि परतीची वाट विसरले, तर नकाशाच कामाला येतो. आपत्कालीन क्रमांक लावल्यावर अनेक देशांत फोन आपली जागा आपोआप कळवतो, त्यातून जीव वाचतात. हे सगळं बंद करा असं कोणी म्हणू नये.

उंबरठा

नाहीच म्हणणार. ज्याला स्वतःची काळजी घेणं शक्य नाही त्याच्यासाठी घरच्यांनी मिळून ठरवलेली सोय, आणि सज्ञान माणसावर न विचारता ठेवलेली नजर, या दोन्हींत तंत्र एकच असलं तरी गोष्टी वेगळ्या आहेत. आपत्कालीन कॉलची सोय तर मीही चालू ठेवते.

निळाई

मी छळातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांसोबत काम करते. पाणकणीसताईंच्या घरात माया आहे, म्हणून हे त्यांना उद्देशून नाही. पण धागा वाचणाऱ्यांत कोणीतरी अशी असेल जिच्या घरात नकाशा मायेपोटी उघडला जात नाही. तिच्यासाठी लिहिते.

"मी कुठे जाते ते त्याला कसं कळतं?" असं विचारत कोणी आली की सगळे आधी गुप्त ॲप शोधायला लागतात. तशी ॲपं असतात, आणि ती घालायला बहुधा फोन थोडा वेळ हातात मिळावा लागतो. पण कितीतरी वेळा त्याची गरजच पडत नाही. फोन त्याने घेऊन दिलेला असतो, खातं त्याने उघडलेलं असतं, पासवर्ड त्याला ठाऊक असतो. दुसऱ्या कुठल्याही फोनवर त्या खात्यात शिरलं की 'माझा फोन शोधा' मध्ये सगळं दिसतं. म्हणून खात्यात कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत, गुगल मॅप्समध्ये लोकेशन शेअरिंग कोणासाठी चालू आहे, फॅमिली ग्रुप कोणाच्या हातात आहे हे आधी बघायचं. गाडीचं ॲप आणि मुलांचं घड्याळही विसरायचं नाही, त्यातूनही ठिकाण कळतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. असं काही सापडलं तर लगेच बंद करू नका. नकाशावरून तुम्ही एकदम नाहीशा झालात की त्याला कळतं, आणि तो क्षण सगळ्यात धोक्याचा असू शकतो. आधी विश्वासातल्या माणसाशी किंवा मदत करणाऱ्या संस्थेशी बोला, तेही दुसऱ्या फोनवरून. पडद्याचे फोटोही दुसऱ्याच फोनने काढून ठेवा, पुढे तक्रारीला पुरावा लागतो. कुठे जायचं, मुलं कुठे असतील हे ठरल्यावरच बंद करायचं. आयफोनवर आयओएस १६ पासून 'सेफ्टी चेक' आहे. कोणाकोणाला काय दिसतं ते त्यात एका ठिकाणी कळतं आणि एका झटक्यात तोडताही येतं. पण तो झटका कधी मारायचा हे तुमच्या सुरक्षिततेवरून ठरवा.

पर्समध्ये किंवा गाडीत लपवलेल्या छोट्या ट्रॅकरबद्दलही विचारणा होते. ॲपलचा एअरटॅग २०२१ मध्ये आला आणि त्याचा असा गैरवापर लगेच सुरू झाला. मे २०२४ पासून ॲपल आणि गुगल यांनी मिळून केलेल्या व्यवस्थेमुळे आयओएस १७.५ असलेल्या आयफोनवर आणि अँड्रॉइड ६ व त्यापुढच्या फोनवर अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असल्याची सूचना येते. ती सूचना आली तर झटकून टाकू नका.

खटका

निळाईताई, हा प्रतिसाद जपून ठेवतोय. एकीला पाठवायचा आहे.

निळाई

पाठवा, पण तिचे मेसेज दुसरं कोणी वाचत नाही ना, ते आधी बघा. शक्यतो भेटून सांगा.

आडवाट

सरकार आणि पोलिसांचं काय? टॉवरच्या नोंदी तर त्यांना मिळतातच.

उंबरठा

त्यावर न्यायालयांत मोठी चर्चा झाली आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कारपेंटर खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की टॉवरच्या जुन्या नोंदी मिळवायला पोलिसांना सर्वसाधारणपणे वॉरंट लागेल. त्या खटल्यात एका माणसाच्या १२७ दिवसांच्या नोंदी घेतल्या होत्या. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पुढे जुलै २०२४ मध्ये, आरोपीने गुगल मॅप्सवर पिन टाकून आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसत ठेवावं ही जामिनाची अट त्याच न्यायालयाने रद्द केली. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर सतत नजर ठेवता येईल अशी अट चालणार नाही, असा त्याचा आशय. मला तो निकाल फार मोलाचा वाटतो. आरोपीलाही जे नाकारता येतं, ते आपण फुकट ॲपसाठी देऊन टाकतो.

पाणकणीस

मुलीशी बोलले. कायमचं शेअरिंग बंद करायचं आणि ती हवं तेव्हा तासाभराचं पाठवणार असं ठरलंय. पहिले काही दिवस मला जड जाणार आहेत. आता एक शंका: इतकी वर्षं जे गेलंय ते परत घेता येतं का?

तळटीप

काही अंशी. गुगलच्या टाइमलाइनमधल्या नोंदी तुम्ही स्वतः पुसू शकता, 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' मधल्याही. वापरात नसलेलं ॲप नुसतं काढून टाकू नका, आधी त्यातलं खातं बंद करा, मग ॲप काढा. व्यापाऱ्यांकडे विकलं गेलेलं परत येत नाही, हे मात्र खरं.

पण ते जुनं होत जातं. जाहिरात क्रमांक डिलीट केला की नव्या नोंदी जुन्या गठ्ठ्याला सहज जोडता येत नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा: क्रमांक डिलीट करणं आणि परवानग्या काढणं हे एकाच बैठकीत करा. नुसता क्रमांक गेला आणि परवानग्या तशाच राहिल्या, तर रोज रात्री त्याच घरी थांबणारा फोन पुन्हा तुमचाच म्हणून ओळखला जाईल.